निरोगी बहिणीचा रकाना

मी गणित शिकवते. नेपियर टाउनात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास आहे आणि माझा आवाज खालच्या पेशंटांनाही पाठ झालेला आहे. त्या वर्षी मागच्या बाकावरून तक्रार यायला लागली, "मैम, छोटा लिख रही हैं, दिख नहीं रहा." मी फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायची, "चश्मा बनवाओ." पंधरा दिवसांत मधल्या बाकांवरूनही तेच ऐकू आलं. मी चिडले. सगळ्या जबलपूरच्या पोरांचे डोळे एकदम कसे काय बिघडले?

मग एकदा एका मुलीची वही बघायला शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि मान वर केली. फळ्यावर माझंच समीकरण होतं. डावीकडे अक्षर तळहाताएवढं, बरोबरच्या चिन्हापाशी बोटाएवढं, आणि उत्तर तर मुंगीएवढं. खालची ओळ त्याहून बारीक. लिहिताना मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. मी खडू ठेवला आणि म्हटलं, "चलो, आज छुट्टी." बावीस वर्षांत मी कधी लवकर सोडलं नव्हतं, त्यामुळे पोरं उठेचनात.

हे मी कोणासाठी लिहून राहिले? ज्यांना नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या बहिणींसाठी. बहिणींसाठी जरा जास्तच.

*

मेंदूच्या डॉक्टरांनी आधी माझ्याकडून शाळेतल्या कवायतीसारखे प्रकार करून घेतले. बोट अंगठ्याला लावा, मूठ उघडा-मिटा, आता बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालून दाखवा. बाकांवर बसलेले पेशंट माझ्या चालण्याकडे टक लावून पाहत होते. परत येऊन बसले तर डॉक्टरांनी विचारलं, "खाने की खुशबू आती है?"

मला हसूच आलं. हात दाखवायला आले आणि हे नाकाचं काय घेऊन बसले! मला वास येणं सात वर्षांपूर्वीच थांबलं होतं. मी सर्दीवर ढकललं होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की वास जायला शंभर कारणं असतात, पण या आजारात तो पुष्कळदा सगळ्यांत आधी जातो, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी.

"घर में और किसी को?"

बाबांना. बाबांचा हात थरथरायचा, पाय घासत चालायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा मी बोटं मोजली. पंचावन्न. पंचावन्नाव्या वर्षी आम्ही त्यांना म्हातारं करून मोकळे झालो होतो. डॉक्टरांनी मग त्या आजाराचं नाव घेतलं, पार्किन्सन. माझे यजमान सुधीर फाइल छातीशी धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "पूरा ठीक कब तक होगा?" डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाले, "इसके साथ जीना सीखेंगे."

परत येताना स्कूटरवर मी मागे बसले होते, हात सुधीरच्या खांद्यावर. ते म्हणाले, "रडू नको ना, शैला."

"रडत नाहीये. हात आहे तो."

आणि मग खरंच रडले, राइट टाउनच्या वळणापासून थेट घरापर्यंत.

*

पुढचे दिवस गोळ्यांच्या घड्याळावर बांधलेले. गोळी जेवणाआधी, इतक्या वेळाने दुसरी, ती चढेपर्यंत ब्लाउजचं बटणसुद्धा लागत नाही. माझी मुलगी ऋचा कॉलेजात आहे, वीस वर्षांची. तिने माझी वेणी घालायचं काम आपल्या अंगावर घेतलं, न विचारता. सुधीर मात्र मी कप उचलला की माझ्या हाताकडे पाहायचे. एक दिवस मी ओरडलेच, "माझ्या हाताकडे नका पाहू, चहाकडे पाहा!" ते बिचारे चहाकडे पाहायला लागले. तो निवून गेला तरी पाहतच राहिले.

मग त्यांनी कुठूनसा एक कागद आणला. स्टेम सेलची सुई घ्या, मेंदूतल्या गेलेल्या पेशी परत मिळवा. ते इतके आनंदात होते की मलाही आशा वाटली. आमच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि मी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "यह इलाज नहीं है. ऐसी सुई मत लगवाइए, हाथ जोड़ता हूँ." तुम्हालाही कोणी असा कागद दिला तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगते.

पण त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. बंगळुरूच्या एका संस्थेचे लोक येणार होते. ते हाताच्या कातडीचा बारीकसा तुकडा घेतात. त्यातल्या पेशींना मागे नेतात, अगदी गर्भातल्यासारख्या कोऱ्या अवस्थेत. तिथून त्यांना मेंदूच्या पेशी म्हणून वाढवतात. जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावता येत नाही, म्हणून त्याच माणसाच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवून पाहायच्या, आजार नेमका कुठून सुरू होतो ते.

"मुझे क्या मिलेगा?" मी विचारलं.

"आपको? कुछ नहीं."

त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला. आणि मी हो म्हटलं. बाबा, मग मी, मग... हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही. ऋचा वीस वर्षांची आहे, एवढंच पुरे.

एक अट होती. माझ्या पेशींशेजारी ठेवायला त्याच आईबापांचं निरोगी भावंड हवं. मला ते लगेच पटलं. दोन समीकरणं जवळजवळ सारखी असली की फरक कुठे आहे ते चटकन दिसतं. आणि मला एकच भावंड आहे, निर्मलाताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, राइट टाउनात राहते. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून स्वतःला साडी घेतली की माझ्यासाठीही एक घेणारी. तिला मूल झालं नाही, पण ऋचा अर्धी तिच्याच घरी वाढली. ताई नाही म्हणेल असं मनातसुद्धा आलं नाही.

*

"नाही," ताई म्हणाली.

"अगं, मोहरीएवढा तुकडा. दुखत पण नाही."

"नाही म्हटलं ना एकदा."

"काहून पण?"

"माझ्या अंगाला मी चाकू लावून घेणार नाही. तुला द्यायचं तर दे. मला काहून ओढून राहिली?"

"ऋचासाठी करून राहिली मी! तू निरोगी आहेस म्हणून तुला विचारलं."

"मग निरोगी असणं हा गुन्हा झाला का माझा?"

तेव्हा मी ते बोलले. आजार झाला म्हणजे काहीही बोलायची सूट मिळते, असं मला त्या दिवसांत वाटायचं. म्हटलं, "तुला पोर असतं तर कळलं असतं."

ताईने गॅस बंद केला. चहा उकळत होता, तो तसाच राहिला. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या घरून चहा न पिता निघाले. त्यानंतर तीन महिने आम्ही बोललो नाही. दोघींच्या मध्ये ऋचा लोणच्याच्या बरण्या आणि निरोप घेऊन फिरायची. "तुम दोनों ना, एकदम बच्चों जैसे करून राहिल्या," ती म्हणायची. मी ताईला स्वार्थी म्हटलं, भित्री म्हटलं, सुधीरपाशी तर आणखी काय काय म्हटलं. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

*

ताईच्या सासरच्या महालक्ष्म्या असतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येतात. मराठी घरं आमच्या या हिंदी गावात मोजकीच, त्यामुळे त्या दिवशी ताईकडे झाडून सगळे जेवायला. नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकातलं काही चाखायचं नाही, हा नियम. मग मीठ कसं कळायचं? ताईला वासावरून कळायचं. पातेल्यावर नुसती वाकली की म्हणायची, "कढीत कमी आहे." चिमूट टाकायची आणि ती बरोबर निघायची. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तिचं हे कौतुक.

ऋचाने मला हाताला धरून नेलं. हातामुळे मला शेगडीपाशी काम नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातच पाटावर बसून वाती वळत होते. ताई माझ्यापासून हातभर अंतरावर पुरण आटवत होती. बोलत नव्हतो. तिने पुरणात झारा ठेवला आणि तिथेच उभं राहून कढीचं वाटण करायला घेतलं. दोघीजणी आपापल्या कामात, मनातल्या मनात एकमेकींशी भांडत.

बाहेरच्या खोलीतून ऋचा धावत आली. "मावशी! जळून राहिलं! पूरे घर में बास!"

कढईतून बारीक धूर निघत होता. बाहेर बसलेल्या वीस माणसांना वास गेला होता. आम्ही दोघी हातभर अंतरावर, आणि आम्हाला पत्ता नाही. माझं ठीक आहे, माझं नाक गेलेलं सगळ्यांना माहीत. पण ताई?

ताईने कढईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी जन्मल्यापासून ओळखते. "गॅस मोठा राहून गेला," ती म्हणाली. गॅस बारीक होता. मी खाली बसलेली, ज्योत माझ्या डोळ्यांसमोर होती.

दोन-तीन वर्षांपासून ताई दर पदार्थाला ऋचाला आत का बोलावत होती, "ये, पाहा बरं, झालं का," हे तेव्हा लक्षात आलं. आम्ही म्हणायचो, पोरीला शिकवते आहे. आणि माझ्या निदानाच्या दिवशी मी घरी येऊन पहिला फोन तिलाच केला होता. डॉक्टरांनी वासाचं काय सांगितलं ते शब्दन् शब्द तिला ऐकवलं होतं, वर हसले होते, "पाहा, नाकापासून निघालं सगळं!" ती हसली नव्हती. तेव्हापासून ही बाई हे एकटीने घेऊन बसली होती. आणि मी तिला निरोगी, निरोगी म्हणून टोचत होते.

पुन्हा डाळ शिजत घालावी लागणार होती. नैवेद्याला उशीर झाला. मला तिची माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "किती डाळ काढू?"

"दोन वाट्या," ती म्हणाली.

*

चौथ्या दिवशी ताईचा फोन. "कधी आहे तुझं ते कातडीचं? येते मी."

तीन महिन्यांपूर्वी हे ऐकून मी नाचले असते. आता नुसती तारीख सांगितली आणि फोन ठेवून दिला. ती येणार होती ती निरोगी बहीण म्हणून. तिच्या पेशी निरोगी म्हणून माझ्याशेजारी ठेवल्या आणि त्या निरोगी नसल्या तर? फरक दिसणारच नाही. किंवा चुकीचाच दिसेल. ज्या उत्तरासाठी एवढं चाललं होतं ते पहिल्या पायरीलाच चुकणार होतं. आणि मी तोंड उघडलं, तर तिने जे स्वतःपासूनही झाकून ठेवलंय ते मी चारचौघांत उघडं पाडणार.

"बोलून टाक तिच्याशी," सुधीर म्हणाले.

"काय बोलू? की ताई, तुझंही नाक गेलं, चल माझ्यामागे रांगेत उभी राहा?"

दहा दिवस मी वाक्यं जुळवत होते. भर क्लासमध्ये, फळ्यापाशी उभी राहून. दवाखान्यात जायच्या दिवशी ऑटोत ताई माझ्या आणि ऋचाच्या मध्ये बसली, नवी साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. सारखी बोलत होती. मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा तिने माझा थरथरता हात स्वतःच्या मांडीवर दाबून धरला आणि बोलणं चालूच ठेवलं.

*

बंगळुरूची डॉक्टर अगदी तरुण, ऋचाहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. हिंदी जपून बोलणारी. तिने ताईचा फॉर्म काढला. वर लिहिलं, निरोगी भावंड.

"नींद में हाथ-पैर चलाती हैं?"

"नहीं."

"कब्ज?"

"इस उमर में किसको नहीं, बेटा?"

"सूँघने में कोई दिक्कत?"

मी डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला.

"नहीं," ताई म्हणाली. "मैं तो खुशबू से नमक बता देती हूँ."

डॉक्टरने खूण केली. बावीस वर्षांत फळ्यावर चुकीचं उत्तर मी एक मिनिट राहू दिलेलं नाही. त्या दिवशी राहू दिलं. माझ्या ताईपुढे मला ऋचासुद्धा दिसली नाही, हे मी इथे कबूल करते.

आधी माझं झालं. बधिर करायची सुई टोचली तेवढीच. मग बाटलीत तरंगणारा एक गुलाबी कण त्यांनी मला दाखवला. एवढ्याशा कणातून माझा मेंदू उगवणार होता! नंतर ताईला खुर्चीत बसवलं. बाही वर केली. डॉक्टरने कापसावर स्पिरिट ओतून तिच्या हातावर खसाखसा चोळलं. दारात उभ्या ऋचाने ओढणी नाकाला लावली.

ताईने ते पाहिलं. "लई उग्र आहे का गं?"

"मावशी, पूरा कमरा महक रहा है," ऋचा म्हणाली. आणि मग, जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "तुला नाही येऊन राहिला?"

ताई तिच्याकडे पाहत राहिली. माझा हात सुटला होता आणि खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजत होता, तेवढाच आवाज. मग ताईने हात मागे घेतला.

"बेटा, वो कागज वापस दो. एक जवाब गलत लिखा दिया." डॉक्टरने फॉर्म पुढे केला. ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "तीन साल से कुछ नहीं आता. ना हींग, ना कपूर. काट दो."

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. शांतपणे सांगितलं की याला शंभर कारणं असू शकतात, हवं तर तपासून घ्या, नको तर नको, जबरदस्ती नाही. फक्त या रकान्यात आता घेता येणार नाही.

"तो दूसरे खाने में डाल दो," ताई म्हणाली. "चमड़ी तो वही है ना?"

डॉक्टरने फोनवर कोणाला तरी विचारलं. चालेल म्हणाले, उलट फार उपयोगाचं होईल. नवा फॉर्म आला. शेवटी प्रश्न होता, काही आढळलं तर कळवायचं का? ताईने 'नको'वर खूण केली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू माझ्याकडे तशी पाहू नको. समोर पाहा."

निरोगी माणसाचा रकाना रिकामा राहिला. रक्ताच्या नात्याबाहेरचं कोणी असलं तर ते तितकं चांगलं नाही, पण अगदीच वाया जात नाही, असं ती डॉक्टर म्हणाली. तर सुधीर, ज्यांना सुई पाहिली की घेरी येते, बाहेर फाइल धरून बसले होते. त्यांना आत बोलावलं. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला. घेरी आलीच, पण तुकडा निघाल्यावर.

बाहेर बाकावर आम्ही दोघी पट्ट्या बांधून बसलो. ताई म्हणाली, "मला पोर असतं तर कळलं असतं म्हणाली होतीस ना. आता सांग, हे कोणासाठी केलं?"

"ऋचासाठी."

"मग?"

"चुकलं माझं, ताई. फार चुकलं." मी ढसाढसा रडले.

"चल, चहा पिऊ," ती म्हणाली. "तीन महिने झाले."

*

काही महिन्यांनी बंगळुरूहून फोन आला. तिघांच्याही पेशी छान वाढताहेत, शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. उत्तर यायला वर्षं लागतील, येईल की नाही तेही नक्की नाही. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या दोघींच्या शेजारी-शेजारी? भांडत नाहीत ना?"

ताईने अजून तपासून घेतलेलं नाही. मी विचारत नाही. माझं अक्षर बारीकच आहे. मागच्या बाकावरच्यांना मी आता पुढे येऊन बसायला सांगते, चष्म्याचं नाव काढत नाही. वाईट दिवस असतात. ज्या दिवशी गोळी चढत नाही त्या दिवशी मी घरात सगळ्यांवर डाफरते आणि संध्याकाळी मुकाट्याने माफी मागते. घरच्यांना सांगते, आजारी माणसाला सूट द्या, पण सगळी देऊ नका.

एक खोड मात्र मला लागली होती. सकाळी ऋचा उठून आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "कशाचा वास येऊन राहिला गं?" कधी फोडणी, कधी अगरबत्ती, कधी शेजारच्यांचं काहीतरी. मला वाटायचं तिला कळत नाही. एक दिवस वेणी घालता घालता तिचे हात थांबले. "आई, मला माहीत आहे तू काहून विचारतेस. रोज नको ना विचारू. डर लगता है मुझे."

मी विचारणं सोडलं.

तिसऱ्या सकाळी मी चहा टाकत होते. ती केस बांधत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज आलं जास्त आहे." मग फोन उचलला, ताईचा नंबर लावला आणि तिलाही तेच सांगितलं. "मावशी, आज आलं." तेव्हापासून रोज सांगते, आम्हा दोघींनाही, न विचारता.

आज हिंग.